एक घास, एक क्लिक

उज्वला जगळपुरे हिनं नवा माऊस चार वेळा तपासून घेतला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. निष्काळजी माणसांच्या नशिबी असले प्रकार येत नाहीत. ती दुकानातून वस्तू उचलतात, घरी आणतात, चालली तर वापरतात, नाही चालली तर माळ्यावर टाकतात आणि सुखानं जेवतात. उज्वला त्यातली नव्हती. दुधाची पिशवी फोडायच्या आधी ती तारीख वाचायची आणि फोडल्यावर पुन्हा वाचायची. अडीच वर्षांच्या सृष्टीला ताप नसला, तरी तो नाही याची खात्री दिवसातून दोनदा थर्मामीटर लावून करून घ्यायची. बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई. कॉलेजच्या प्रयोगवहीत तिनं निरीक्षणाचा रकाना कधी मोकळा सोडला नव्हता आणि लग्नानंतर ती सवय मोडायचं कारण नव्हतं.

माऊस घ्यावा लागला तो सृष्टीमुळेच. लातुरात एका क्लासचे सराव-पेपर उज्वला घरी बसून टाइप करून द्यायची. एके दुपारी सृष्टीनं, आपण पीत नाही तर निदान लॅपटॉपनं तरी प्यावं या विचारानं, पेलाभर दूध त्याच्या टचपॅडवर ओतलं. तेव्हापासून स्क्रीनवरचा बाण जो कोपऱ्यात जाऊन बसला, तो रुसलेल्या जावयासारखा काही केल्या हलेना. बाहेरून माऊस लावायचा तर वायरचा नको, कारण वायर आणि लहान मूल एका घरात असलं की काय काय होतं, ते उज्वलानं इंटरनेटवर वाचलं होतं. म्हणून वायरलेस.

दुकानदार म्हणाला, ताई, डोळे झाकून न्या. असं कुणी म्हटलं की उज्वलाचे डोळे आणखीच मोठे व्हायचे. म्हणून तिनं माऊस थेट वर घरी न नेता आधी खाली लुंबिनीकडे नेला.

जगळपुरे कुटुंब शेषेराव काकांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचं. शेषेराव काका म्हणजे निवृत्त केंद्रप्रमुख. ते आणि विमल काकू मागच्या बाजूला राहात, आणि रस्त्याकडच्या शटरमध्ये लुंबिनी गायकवाडचं ऑनलाईन फॉर्म भरायचं केंद्र होतं. लुंबिनी एम.कॉम. झालेली, कमी बोलणारी, बोलली तर मोजकं आणि टोकदार. घरी आई, नर्सिंगला असलेली धाकटी बहीण, आणि सगळ्यांचा भार या दहा बाय बाराच्या शटरवर. जून महिना, दहावी-बारावीचे निकाल लागलेले. अहमदपूर, उदगीर, कंधार, कुठकुठचे आईबाप लेकरांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून रांगेत उभे.

त्या रांगेला वळसा घालून उज्वला आत गेली. लुंबिनी माऊसच्या पोटातला नखाएवढा तुकडा काढून कॉम्प्युटरला पुढून लावायला निघाली, तर उज्वलानं तिला अडवलं. पुढून गावभरच्या लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, त्यात व्हायरस असतात, म्हणून तिनं स्वतः टेबलाखाली हात घालून तो तुकडा कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागच्या बाजूला खोचला. माऊस चालला. पुन्हा चालला. चौथ्यांदा चालला तेव्हा लाईट गेली आणि अंधाराचा फायदा घेऊन सृष्टीनं शिक्क्याच्या पॅडवर दोन्ही तळहात दाबून ते रांगेतल्या एका पांढऱ्या धोतराला पुसले. त्या गोंधळात माफी मागत मागत उज्वलानं सगळ्या वस्तू मोजून घेतल्या. मूल, पर्स, छत्री, खोकं, बिल, माऊस. सहा. मनासारखा हिशोब लागल्यावर ती वर गेली.

मागे खोचलेला तुकडा खालीच राहिला. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण उज्वलाला ते कळायला बावीस दिवस लागणार होते.

लगेच कसं कळलं नाही, असं कुणीही विचारील. पण लॅपटॉप जुना होता. आदिनाथनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तो अहमदपूरच्या शाळेतल्या एका सरांकडून घेतला होता आणि त्या सरांच्या कधीच्या काळी मेलेल्या माऊसचा तसलाच काळा तुकडा लॅपटॉपच्या कुशीत अडकलेला होता. उज्वलानं पाहिलं, तुकडा जागेवर आहे. नवऱ्यानं कधी नव्हे ते न सांगता एक काम केलं, असं वाटून तिला बरंसुद्धा वाटलं.

माऊस मात्र चालेना. पोटाखाली लाल दिवा लागायचा, पण बाण ढिम्म. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, टेबल चकचकीत असेल, खाली वही ठेवा. उज्वलानं वही ठेवली, टॉवेल ठेवला, पाटी ठेवली, शेवटी पंचांग ठेवलं. आदिनाथनं अहमदपूरच्या एसटीतून सल्ला दिला की बंद करून चालू कर. नवऱ्यांचे सगळेच सल्ले असे असतात. विमल काकूंच्या भाच्याचा फोन पाण्यात पडून तांदळाच्या डब्यात बरा झाला होता, म्हणून त्यांनी माऊसही तांदळात ठेवायला सांगितला. माऊस काही पाण्यात पडलेला नाही, हे सांगून पाहिलं, पण काकू म्हणाल्या, ठेवायला काय जातंय. एक रात्र माऊस कोलममध्ये झोपला. सकाळी उज्वलानं तो पुसून, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून, कणीक मळावी तसा पुढेमागे रगडला, दाबला, आपटला. तिच्या लॅपटॉपवर काही झालं नाही.

खिडकीजवळचं टेबल बरोबर लुंबिनीच्या टेबलाच्या वर होतं. मध्ये फक्त एक स्लॅब. आणि तो खालचा तुकडा इमानी नोकरासारखा वरून येईल तो हुकूम मानत होता.

पाचव्या दिवशी उज्वलानं हार मानली आणि माऊसला एक नवीनच काम लागलं. सृष्टी जेवत नसे. जेवत नसे म्हणजे घास तोंडात घ्यायची, गालात ठेवायची आणि अर्धा-अर्धा तास तो तिथं सांभाळायची, बँकेत ठेव ठेवल्यासारखा. डॉक्टर वजनाच्या तक्त्यावर बोट ठेवून उज्वलाकडे असं बघायचे, की ती घरी येऊन रडायची. आता या पोरीला माऊसच्या लाल दिव्याचं आणि टक् आवाजाचं वेड लागलं. उज्वलानं ते निरीक्षण तत्काळ नोंदलं आणि नियम केला: घास गिळला की एक क्लिक. सकाळी अकराला आणि संध्याकाळी पाचला, खिडकीजवळच्या टेबलावर मूल बसवून वरणभाताची वाटी आणि माऊस असा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या दिवशी अर्धी वाटी गेली. तिसऱ्या दिवशी पूर्ण. पंधरा दिवसांत वजन चारशे ग्रॅम वाढलं. शिकल्या-सवरल्या बाईला शोभणार नाही म्हणून, नाहीतर उज्वलानं त्या माऊसला हळदकुंकूच लावलं असतं.

खाली त्याच पंधरा दिवसांत लुंबिनीच्या कॉम्प्युटरला काहीतरी झालं.

सगळी कचेऱ्यांची कामं अकराला सुरू होतात आणि नेमका त्याच सुमाराला तिच्या स्क्रीनवरचा बाण भरकटायचा. ती जन्मतारीख निवडायला जायची आणि बाण उडी मारून भलतंच साल धरायचा. जालन्याचा माणूस जळगावचा व्हायचा. भरत आलेला फॉर्म आपोआप मागे जायचा, कधी न वाचताच पुढे जायचा. लुंबिनीनं आपला माऊस बदलला. मग कीबोर्ड बदलला. दोनदा सगळा कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला. रांगेतले लोक फुकट सल्ले द्यायला उभेच होते. एकानं लिंबू-मिरची बांधायला सांगितली, एकानं तोंड पूर्वेला करायला सांगितलं, कॉम्प्युटरचं की लुंबिनीचं ते सांगितलं नाही. निलंग्याकडच्या एका म्हातारबाबांनी तर ही भानामती आहे, त्यांच्या गावात चाळीस साली असंच झालं होतं, असं ठासून सांगितलं. लुंबिनी म्हणाली, "बाबा, तेव्हाच्या भानामतीला कपडे जाळता यायचे. ही पत्त्याचा पिनकोड बदलते. शिकलेली दिसते."

हा सगळा गलका उज्वला भरवता भरवता वरच्या खिडकीतून बारकाईनं बघत होती. बघायची, आणि सृष्टीचं जेवण आटोपलं की तिला कडेवर घेऊन खाली यायची. आणि काय आश्चर्य, ती खाली आली की कॉम्प्युटर एकदम सुतासारखा सरळ चालायचा. एकदा नाही, सहा वेळा. उज्वलाच्या शास्त्रीय मनानं त्यातून निष्कर्ष काढला. मी समोर असले की नीट चालतं, मी नसले की बिघडतं, म्हणजे कुणाचं लक्ष असलं की लुंबिनी नीट काम करते आणि नसलं की करत नाही. शिवाय जिन्यावरून येताना तिनं लुंबिनीच्या हातात दोनदा मोबाईल पाहिला होता. प्रयोग, निरीक्षण, अनुमान. सगळे रकाने भरले.

हे अनुमान तिनं विमल काकूंना सांगितलं. तक्रार म्हणून नाही, काळजी म्हणून. काळजी म्हणून सांगितलेली गोष्ट तक्रारीपेक्षा लवकर पसरते. काकू म्हणाल्या, मी आधीच म्हणत होते. काय आधीच म्हणत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि उज्वलानंही विचारलं नाही.

मग ग्यानोबा आले.

अहमदपूरजवळच्या एका खेड्यातले ग्यानोबा मुसळे. त्यांच्या श्रद्धाचा वसतिगृहाचा फॉर्म लुंबिनीनं भरला होता. यादी लागली, श्रद्धाचं नाव त्यात होतं, पण मुलांच्या वसतिगृहात. फॉर्मवर स्त्री आणि पुरुष असे दोन गोल होते आणि टिंब पुरुषाच्या गोलात पडलं होतं.

ग्यानोबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. ते शटरच्या पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कागद दाखवत राहिले. "बारावीला ब्याऐंशी टक्के हाईत लेकीला," ते सांगायचे. "सरकारनं खोली दिली, पर पोरांत. आता तिला धाडू का न्हाई धाडू, तुम्हीच सांगा."

कार्यालयातून निरोप आला, की दुरुस्ती होईल, पण चूक कुणाची ते लेखी पाहिजे. केंद्रचालकाची असेल तर त्यानं तसं लिहून द्यावं, म्हणजे नियमाप्रमाणे त्याचा आयडी बंद करता येईल. शुक्रवारपर्यंत मुदत. आयडी बंद म्हणजे शटर बंद, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी शेषेराव काकांनी आपल्या वळणदार अक्षरात लुंबिनीला जागा सोडायची नोटीस लिहिली. चाळीस वर्षं शाळा तपासलेला माणूस. कागदाला साक्षीदार लागतोच. काकू वर आल्या आणि म्हणाल्या, तू डोळ्यानं बघितलंस ना, मग कर सही. उज्वलाच्या हाताला वरणाचा वास होता. तिनं हात धुतला, नोटीस दोनदा वाचली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी गावाकडून सासूबाई आल्या. धोंडाबाईंना नातीचा हा नवा खेळ फार आवडला. मी भरवते लेकराला, तू जा तुझ्या कामाला, म्हणाल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सकाळी अकरा वाजता उज्वलाचे हात मोकळे झाले. क्लासचा पेपर छापून आणायचा होता. ती खाली गेली.

लुंबिनीनं पेनड्राइव्ह घेतला. ज्या बाईनं आपल्याविरुद्ध सही केली, तिचा पेपर छापायला ती नाही म्हणू शकली असती. म्हणाली नाही. स्क्रीनवर न्यूटनच्या नियमांचे वीस प्रश्न उघडले, बाण छपाईच्या चिन्हाकडे गेला आणि तिथं जाऊन थरथरायला लागला. वरच्या उघड्या खिडकीतून धोंडाबाईंचा आवाज आला. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर बोलण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना हळू बोलता येत नाही.

"हा घास काऊचा."

टक् झालं आणि छपाईयंत्रातून एक कागद बाहेर आला.

"हा घास चिऊचा. गिळ गं माय. हां, आता दाब."

दुसरा कागद.

"हा घास तुझ्या आजोबाचा."

तिसरा. लुंबिनीनं दोन्ही हात वर उचलले आणि हवेत धरून ठेवले. "बघा ताई," ती म्हणाली, "तुम्हीच बघा. माझे हात इथं आहेत."

वर काऊ-चिऊ संपून मोत्या कुत्रा, तांबडी गाय आणि किनवटची मावशी यांचे घास सुरू झाले होते, आणि यंत्र घासागणिक न्यूटनचे नियम बाहेर टाकत होतं. सहा वस्तू मोजल्या होत्या. सातवी तिनं आपल्याच हातानं डब्याच्या मागे खोचली होती.

ही खरं सांगायची वेळ होती. उज्वला म्हणाली, "व्होल्टेजचं काहीतरी असेल."

मग ती सतरा कागद पोटाशी धरून वर गेली. सासूबाईंच्या हातून माऊस काढून घेतला, त्याच्या पोटातली बॅटरी काढली आणि दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. धोंडाबाईंनी विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाली. सृष्टीनं अठरावा घास गालात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

पुढचे दोन दिवस खाली कॉम्प्युटर एकदम नीट चालला. उज्वलाची अशी वेडी आशा होती, की रोग गेला म्हणजे रोगी आपोआप घरी जातो आणि बिल कुणी मागत नाही. पण सज्ज्यातून तिला दिसत होतं की ग्यानोबा रोज सकाळच्या एसटीनं येतात आणि पायरीवर बसतात. गुरुवारी दुपारी तिला आणखी एक दिसलं. लुंबिनी किराणा दुकानातून रिकामी खोकी आणत होती. एका खोक्यात तिनं आपली एम.कॉम.ची पदवीची तसबीर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. मग ती काढली, काच पुसली, पुन्हा गुंडाळली.

उज्वला त्या दिवशी जेवली नाही. तरीही तिच्या डोक्यात जो बेत आला, तो खरं बोलायचा नव्हता. तुकडा गुपचूप काढून आणायचा, एवढाच. पुरावा नाहीसा झाला की मग सावकाश, योग्य शब्दांत, योग्य वेळी सगळं सांगता येईल. योग्य वेळ म्हणजे साधारण सृष्टीच्या लग्नानंतर.

ती खाली गेली, दहाची नोट मुद्दाम टेबलाखाली टाकली आणि ती शोधायच्या निमित्तानं गुडघ्यांवर बसून आत शिरली. टेबलाखाली वायरींचं जंगल होतं. डब्याच्या मागे हात पोचेना, म्हणून ती आणखी आत गेली. ओढणी खुर्चीच्या चाकात अडकली. हाताला तुकडा लागला, तो तिनं उपसला, आणि मागे यायला निघाली तर येता येईना. अर्धी बाई टेबलाखाली, अर्धी रांगेसमोर. कुणीतरी बाहेरच्या अर्ध्या भागाला उद्देशून, बाई, लागलं का काही, असं आदरानं विचारलं.

लुंबिनीनं खुर्ची उचलून ओढणी सोडवली. उज्वला केसांत जाळं आणि मुठीत तुकडा घेऊन बाहेर आली.

"काय सापडलं, ताई?" लुंबिनीनं विचारलं.

उज्वलानं, कानातलं पडलं होतं, असं सांगायचं ठरवलं होतं. ओठांवर आलंही होतं. पण दहाची नोट अजून टेबलाखालीच होती, पायरीवर ग्यानोबा होते, आणि भिंतीवर तसबिरीच्या जागी चौकोनी पांढरा डाग होता. तिनं मूठ उघडली.

"हे माझ्या माऊसचं आहे," ती म्हणाली. "मीच लावलं होतं आणि विसरले. माऊस वर होता. सृष्टी जेवताना तो दाबत होती. हे सगळं आमच्या घरून होत होतं. आणि मला परवाच कळलं होतं."

शेवटचं वाक्य तिनं गाळलं असतं तरी कुणाला समजलं नसतं. ते का बोललं गेलं, हे तिचं तिलाही सांगता आलं नाही.

ग्यानोबांनी ते सावकाश मनात लावून घेतलं. "म्हंजी," ते म्हणाले, "तुमच्या लेकरानं जेवता जेवता माझ्या लेकीचा पोरगा केला."

"हो, मामा."

"काय खात व्हतं?"

"वरणभात."

ग्यानोबांनी मान हलवली, जणू वरणभात असेल तर एक वेळ समजून घेता येईल. रांगेत कुणीतरी हसलं. लुंबिनी हसली नाही.

"बावीस दिवस," ती म्हणाली. "दोनदा मशीन पुसलं. आईनं रोज माझी दृष्ट काढली. मला वाटायला लागलं होतं की माझ्याच हाताला काहीतरी झालंय. परवा दवाखान्यात जाऊन आले मी, ताई. डॉक्टरला हात दाखवून आले."

उज्वला माफी मागायला लागली. लुंबिनीनं तिला एक वाक्य पुरं करू दिलं आणि म्हणाली, "तोंडी नको. लिहून द्या."

शुक्रवारी सकाळी लुंबिनी, ग्यानोबा आणि उज्वला असे तिघं एका रिक्षातून निघाले. कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली टंकलेखक बसतात. त्यातला एक मोकळा होता. त्यानं बाँड पेपर लावला, चष्मा कपाळावर चढवला आणि हकीकत सांगा म्हणाला. उज्वलानं खाली मान घालून सांगितली. त्यानं चष्मा खाली घेतला आणि पुन्हा सांगा म्हणाला. आजूबाजूचे तीन टंकलेखक आपापली यंत्रं थांबवून ऐकायला लागले.

जे तयार झालं ते असं: मी, उज्वला आदिनाथ जगळपुरे, वय एकतीस, धंदा घरकाम व टायपिंग, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, माझी अज्ञान मुलगी सृष्टी, वय अडीच वर्षे, ही वरच्या मजल्यावर वरणभात सेवन करीत असताना, प्रत्येक घासागणिक माऊस नावाचे यंत्र दाबत असल्याने, खालच्या मजल्यावरील अर्जदार कुमारी श्रद्धा ही पुरुष म्हणून नोंदली गेली. सदर यंत्राचा तुकडा मीच खालच्या कॉम्प्युटरला लावून विसरले. सबब सदर चूक केंद्रचालक लुंबिनी गायकवाड यांची नसून सर्वस्वी माझी आहे.

अज्ञान शब्द काढता येईल का, असं उज्वलानं विचारलं. टंकलेखक म्हणाला, कायद्यात लहान मुलाला अज्ञानच म्हणतात. तुम्ही सज्ञान, म्हणून तर सही तुमची.

कार्यालयात मृत्युंजय नावाचे लिपिक होते. नावाला जागणारा माणूस. त्यांच्या टेबलावरची फाईल मरत नसे. त्यांनी शपथपत्र मनातल्या मनात वाचायला सुरुवात केली, पण वरणभातापर्यंत आल्यावर त्यांचा आवाज आपोआप बाहेर फुटला. शेजारच्या दोन टेबलांवरचे उठून आले. चहावाला थांबला. मग त्यांनी ते पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वाचलं. उज्वला भिंतीवरच्या माहितीच्या अधिकाराच्या फलकाकडे बघत उभी राहिली. तिला तो अधिकार त्या क्षणी कुणालाच असू नये असं वाटत होतं.

एकच अडचण निघाली. दुरुस्तीच्या अर्जात चुकीचं कारण निवडावं लागतं आणि तिथं टंकलेखन, कागदपत्र, नैसर्गिक आपत्ती आणि इतर एवढेच पर्याय होते. नैसर्गिक आपत्ती बसेल का, यावर तिथं गंभीर चर्चा झाली. शेवटी इतर ठरलं. मृत्युंजय साहेबांनी एक बोट वर उचललं, खिडकीतून वर कुणी जेवत नाही ना ते डोकावून पाहिलं आणि क्लिक केलं. श्रद्धा मुलगी झाली. लुंबिनीचा आयडी राहिला. ग्यानोबांनी टोपी घातली, लुंबिनीला लेकीच्या नावानं हात जोडले आणि जाता जाता उज्वलाला म्हणाले, लेकराला आता हातात काही न देता जेवू घाला, बाई.

संध्याकाळी उज्वला नोटीस परत मागायला काकांकडे गेली. शपथपत्राची प्रत फाईलला लावल्याशिवाय नोटीस देता येणार नाही, असं काका म्हणाले आणि ती वाचून त्यांनी नोटीस फाडली. विमल काकू मात्र रागावल्या. तू तर डोळ्यानं बघितलं म्हणाली होतीस.

"बघितलं नव्हतं, काकू. जिन्यावरून अंदाज बांधला होता." मग तिनं विचारलं, "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, मी आधीच म्हणत होते. काय म्हणत होतात?"

काकूंना एकदम दूध उतू जात असल्याचं आठवलं. त्या आत गेल्या आणि परत आल्या नाहीत. उज्वला रिकाम्या बैठकीत उभी राहिली. हा प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी विचारला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचा काही उपयोग नव्हता.

आठवड्यानं तिला पुन्हा पेपर छापून घ्यायला खाली जावं लागलं. सृष्टी परत गालात घास धरायला लागली होती, त्याची रड वेगळी. शटरमध्ये मोठी रांग होती आणि या वेळी उज्वला रांगेत शेवटी उभी राहिली. भिंतीवर तसबीर परत लागली होती. तिच्या खाली, दरपत्रक आणि सुट्टे पैसे द्या या पाटीच्या मध्ये, शपथपत्राची झेरॉक्स प्लास्टिकच्या कव्हरात घालून चिकटवलेली होती. लोकांचा वेळ चांगला जात होता.

रांग सरकत टेबलापाशी आली, तेव्हा तिच्या पुढे उदगीरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी कागद बोट फिरवत फिरवत पूर्ण वाचला, पदर तोंडाला लावून हसल्या आणि मागे वळून उज्वलालाच विचारलं, "कोण हाय ओ ही बाई? तुम्हाला ठाव हाय का?"

"नाही बुवा," उज्वला म्हणाली. "वर कुणीतरी भाड्यानं राहतात वाटतं."

लुंबिनीनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. शांतपणे तिनं हाक मारली. रांग सोडून, पूर्ण नावानिशी, कागदावर होतं तसं.

"उज्वला आदिनाथ जगळपुरे. या पुढं."

उदगीरच्या बाईंनी कागदाकडे पाहिलं. उज्वलाकडे पाहिलं. मग त्यांनी टेबलावर ठेवलेला आपल्या मुलीचा फॉर्म हळूच उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला.